वाचकांचे प्रश्न : साउथ कॅरोलायनाचा किनारा आणि जुनी शहरं

समुद्र आणि इतिहास एकाच सहलीत हवा म्हणून अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात निघालेल्या वाचकांचे बरेच प्रश्न या वेळी आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलांना मे महिन्यात सुट्टी आहे. आठ दिवसांत मर्टल बीच, चार्ल्सटन, हिल्टन हेड आणि शेजारच्या जॉर्जियातलं सव्हाना, अशी चारही ठिकाणं बसवायची आहेत. जमेल का?

बसवता येतील, पण बसवू नका. नकाशावर हा किनारा सरळ दिसतो, जेमतेम ३०० किलोमीटरचा, आणि तिथेच अंदाज चुकतो. किनाऱ्याला लागून जाणारा रस्ताच इथे नाही. मधे खाजणं, खाड्या आणि नद्या आहेत. बहुतेक बेटांना एकच रस्ता आणि एकच पूल आहे. शेजारच्या बेटावर जायचं तरी आधी मागे मुख्य भूमीवर यावं लागतं. एडिस्टो बीच आणि हंटिंग आयलंड एकाच खाडीच्या दोन बाजूंना आहेत, पण गाडीने पावणेदोन तास सहज जातात.

अंतरं लिहून ठेवा. मर्टल बीच ते चार्ल्सटन साधारण १०० मैल आहे. हा यूएस १७ चा रस्ता गावागावांतून आणि सिग्नलांवरून जातो, म्हणून दोन ते अडीच तास धरा. चार्ल्सटन ते ब्यूफर्ट हे वाटेतलं जुनं गाव ७० मैल, दीड तास. ब्यूफर्ट ते हिल्टन हेड तासभर, हिल्टन हेड ते सव्हाना पाऊण ते एक तास आणि सव्हानाहून परत चार्ल्सटन दोन तास. यात हिल्टन हेड बेटाच्या पुलावर शनिवारी लागणारी रांग धरलेली नाही.

आठ दिवसांसाठी आमचा सल्ला असा : चार्ल्सटन परिसरात चार रात्री, हिल्टन हेड किंवा ब्यूफर्टला तीन रात्री, आणि सव्हाना तिथूनच दिवसभरात जाऊन-येऊन. सव्हाना १७३३ मध्ये चौकांच्या आराखड्यावर वसवलेलं शहर आहे. मूळच्या २४ चौकांपैकी २२ अजून टिकून आहेत. फोर्सिथ पार्कपासून नदीपर्यंत चालत गेलात की त्यातले बरेचसे वाटेतच लागतात, त्यामुळे एक दिवस पुरतो. जमलं तर चार्ल्सटनला उतरा आणि परतीचं विमान सव्हाना–हिल्टन हेड विमानतळावरून घ्या, म्हणजे दोन तासांची उलटी फेरी वाचते. मात्र गाडी दुसऱ्या शहरात परत केली तर वेगळा आकार लागतो. तो धरून मगच हिशोब करा, कारण कधीकधी वाचलेल्या पेट्रोलपेक्षा तोच जास्त भरतो.

मर्टल बीच वगळण्यात फार काही गमावल्यासारखं होणार नाही. ते गाव वाईट नाही. पाळणे, बोर्डवॉक, मिनी गोल्फ आणि समुद्रावरची उंच हॉटेलं हे सगळं मुलांना आवडतं आणि खर्चही चार्ल्सटनपेक्षा कमी येतो. पण तिथे जायचं असेल तर चार-पाच दिवस तिथेच राहा. त्या बाजूला एकच गोष्ट वाट वाकडी करून बघण्यासारखी आहे. मरल्स इनलेटजवळचं ब्रुकग्रीन गार्डन्स हे १९३१ मध्ये सुरू झालेलं शिल्पांचं विस्तीर्ण उद्यान आहे. त्याचं तिकीट सलग सात दिवस चालतं, त्यामुळे एकाच दिवसात पाय मोडेपर्यंत फिरायची गरज नाही.

राहण्याबद्दल एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावरची बरीच घरं शनिवार ते शनिवार, पूर्ण आठवड्यासाठीच मिळतात. तीन रात्रींसाठी हॉटेल किंवा कॉन्डो शोधा. घर घेतलंत तर चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, हे विचारा. अनेक ठिकाणी नसतात. जाहिरातीतल्या दरावर कर, सफाईचा आकार आणि रिसॉर्ट फी चढते, म्हणून तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या एकूण रकमेची करा.

प्रश्न : मे की दिवाळीची सुट्टी? आणि चक्रीवादळांची भीती किती धरायची?

निव्वळ हवा बघितली तर एप्रिल ते मेचा मध्य आणि ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात, हे दोन काळ उत्तम. मे महिन्यात चार्ल्सटनला दुपारी २८-२९ अंश सेल्सियस असतं आणि समुद्राचं पाणी २३-२४ अंशांवर आलेलं असतं. आपल्याकडच्या समुद्राची सवय असलेल्यांना तेही सुरुवातीला गारच लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कोमट असतं, पण हवा ३२-३३ अंश, दमटपणा प्रचंड आणि दुपारी गडगडाटी पाऊस. त्या दिवसांत गाव सकाळी अकराच्या आत बघून घ्यावं.

मार्चच्या अखेरीला अझेलिया फुलतात आणि शहर फार सुंदर दिसतं, पण तेव्हाच पाइनचे पिवळे परागकण गाड्यांवर थर धरतात. दमा किंवा ॲलर्जी असेल तर तो पंधरवडा टाळा. मेच्या अखेरीपासून १७ दिवस चार्ल्सटनमध्ये स्पोलेटो हा संगीत-नाट्य महोत्सव असतो. तो बघायचा असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर त्या दिवसांत हॉटेलचे वाढलेले दर विनाकारण भराल. मार्चच्या अखेरीच्या किंवा एप्रिलच्या सुरुवातीच्या एका शनिवारी सकाळी कूपर नदीवरचा मोठा पूल धावण्याच्या शर्यतीसाठी बंद असतो. तुमचं विमान त्या दिवशीचं नाही ना, हे बघून घ्या.

चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर. जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो हे वादळ थेट चार्ल्सटनजवळ धडकलं होतं, तसं दरवर्षी होत नाही. पण लांबून जाणारं वादळही तीन दिवस पाऊस, उधाण आणि बंद बीच देऊन जातं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात धोका बराच उतरलेला असतो, त्यामुळे उशिरा येणारी दिवाळी इथे चांगली जमते.

विम्यात बहुतेक लोक एकाच ठिकाणी फसतात. वादळाला नाव पडलं की ती 'माहीत असलेली घटना' ठरते आणि त्यानंतर घेतलेला प्रवास विमा त्या वादळापायी झालेलं नुकसान भरून देत नाही. विमा बुकिंगच्या आठवड्यातच घ्या. भाड्याच्या घराच्या करारात सक्तीच्या स्थलांतराचा आदेश निघाला तर पैसे परत मिळतात की नाही, ते वाचा. नुसता वादळाचा इशारा आणि स्थलांतराचा आदेश यांत करार फरक करतो. आदेश निघालाच तर थांबून बघू असं करू नका. चार्ल्सटनहून कोलंबिया या राज्याच्या राजधानीकडे जाणाऱ्या आय-२६ महामार्गाच्या सगळ्या मार्गिका गरज पडल्यास एकाच दिशेने, आतल्या बाजूला सोडतात, तरीही रांगा लागतात. आदेशाची चाहूल लागताच टाकी भरून घ्यायची आणि सकाळीच निघायचं.

प्रश्न : सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत. बाबांचे गुडघे दुखतात. दोन दिवसांत चार्ल्सटनमध्ये काय बघावं, आणि किती चालावं लागेल?

चार्ल्सटन सपाट आहे, चढ नाहीत. त्रास होतो तो पायाखालच्या फरसबंदीचा. जुन्या भागात विटा आणि दगड झाडांच्या मुळांनी उचललेले असतात. चाल्मर्स स्ट्रीटसारख्या गल्लीत गोटे आहेत. चपला-सँडल नकोत, जाड तळाचे बूट हवेत आणि काठी असेल तर ती रबरी टोकाची हवी.

गाडी मीटिंग स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरच्या गॅरेजमध्ये लावा. तिथून डॅश नावाची बस जुन्या शहरात फिरते आणि तिला तिकीट नाही. पहिल्या सकाळी साडेआठच्या सुमाराला बाबांना थेट दक्षिण टोकाला, व्हाइट पॉइंट गार्डनला, गाडीने सोडा आणि तिथून उत्तरेकडे चालत या. बॅटरी नावाचा समुद्रकाठ, ईस्ट बे स्ट्रीटवरची रेनबो रो ही १३ रंगीत घरांची रांग, मग वॉटरफ्रंट पार्क आणि शेवटी सिटी मार्केट. एकूण दोन किलोमीटरच्या आत. वॉटरफ्रंट पार्कमध्ये नदीकडे तोंड केलेले झोपाळे आहेत, तिथे अर्धा तास बसता येतं. सिटी मार्केटमध्ये स्वच्छतागृह आहे.

या चालीत घरांकडे जरा नीट बघा. इथलं खास घर रस्त्याकडे आपली अरुंद बाजू करून उभं असतं, रुंदीला एकच खोली. रस्त्यावर जे दार दिसतं ते घराचं नसतंच. ते उघडलं की बाजूच्या लांब व्हरांड्यात जातं आणि घराचं खरं दार त्या व्हरांड्याच्या मध्यावर असतं. व्हरांडा बहुधा दक्षिणेला किंवा पश्चिमेला, समुद्राकडचा वारा घेण्यासाठी. बऱ्याच भिंतींवर मजल्यांच्या उंचीवर लोखंडी गोल चकत्या, फुल्या किंवा चांदण्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर घरांतून आरपार लोखंडी सळया घालून भिंती आवळल्या, त्या सळयांची ही टोकं आहेत.

घोडागाडीची फेरी तासाभराची असते आणि गुडघ्यांसाठी सोयीची. मात्र कुठल्या भागातून जाणार हे आधी सांगता येत नाही. गाड्यांची गर्दी एकाच रस्त्यावर होऊ नये म्हणून निघताना सोडत काढून प्रत्येक गाडीला मार्ग देतात. बॅटरीच बघायची, असा हट्ट तिथे चालत नाही, म्हणून बॅटरी आधी पायी बघून घ्यायची. कडक उन्हाच्या दुपारी घोड्यांसाठी फेऱ्या थांबवतात, तेव्हा सकाळची वेळ घ्या.

दुसऱ्या दिवशी फोर्ट सम्टर. अमेरिकी यादवी युद्धाच्या पहिल्या तोफा १२ एप्रिल १८६१ ला या किल्ल्यावर डागल्या गेल्या. किल्ला बंदराच्या तोंडाशी बेटावर आहे. बोट लिबर्टी स्क्वेअरहून किंवा पलीकडच्या माउंट प्लेझंटमधल्या पेट्रियट्स पॉइंटहून सुटते. जायला अर्धा तास, किल्ल्यावर एक तास, यायला अर्धा तास. किल्ल्याला वेगळं प्रवेश शुल्क नाही, पैसे बोटीचे. जागा आधी ऑनलाइन घ्या आणि सुटण्याआधी अर्धा तास पोचा, बोट कुणासाठी थांबत नाही. सकाळची पहिली फेरी घेतलीत तर झेंडा चढवताना हात लावायला मिळू शकतो, मुलांना ते फार आवडतं. किल्ल्यावर सावली जवळजवळ नाही. वरच्या भागात पायऱ्या आहेत, पण खालचं मैदान बाबांना पुरेल.

बोट नकोच असेल तर सलिव्हन्स आयलंडवरच्या फोर्ट मोल्ट्रीला गाडी थेट जाते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या २८ जून १७७६ च्या लढाईत तिथला अर्धवट बांधलेला किल्ला पाल्मेटो झाडाच्या ओंडक्यांचा होता. हे लाकूड मऊ आणि तंतुमय, त्यामुळे ब्रिटिश तोफगोळे भिंत फोडण्याऐवजी तिच्यात रुतून बसले. राज्याच्या झेंड्यावर पाल्मेटो आहे तो यामुळेच.

प्रश्न : चार्ल्सटनजवळचे प्लांटेशन, म्हणजे जुने मोठे शेतमळे, फार सुंदर आहेत असं ऐकलं. कुठला निवडावा? मुलांना तिथे न्यावं का?

न्यावं, पण फक्त बाग म्हणून नाही. ही सगळी श्रीमंती भाताची होती आणि ते भात गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी पिकवलं. नुसते कष्ट त्यांचे नव्हते, ज्ञानही त्यांच्यातल्या अनेकांनी पश्चिम आफ्रिकेच्या भातशेतीतून आणलेलं होतं. भरतीबरोबर नदीचं गोडं पाणी वर ढकललं जातं तेव्हा ते लाकडी दारांतून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, असं हे तंत्र होतं. त्यासाठी मैलोन्‌मैल बांध हातांनी, गुडघाभर चिखलात घातले गेले. मिडलटन प्लेस किंवा मॅग्नोलिया या प्लांटेशनच्या नदीकाठी उभं राहिलात तर त्या जुन्या शेतांच्या चौकटी अजून ओळखू येतात. हे मुलांना दाखवलं नाही तर बागेचा अर्थच हरवतो.

एकच निवडायचं तर आमची पसंती जेम्स आयलंडवरच्या मॅक्लाउडला. शहरापासून दहा मिनिटांवर, आणि तिथली सगळी सफर गुलाम केलेल्या कुटुंबांच्या बाजूने सांगितली जाते. त्यांची लाकडी घरं जागेवर उभी आहेत. वास्तुकलेची आवड असेल तर ड्रेटन हॉल. ते घर सजवलेलं नाही, जसं मिळालं तसं राखलं आहे, खोल्या रिकाम्या आहेत. बागेसाठी मिडलटन प्लेस. बून हॉलचा ओक वृक्षांचा रस्ता छायाचित्रांत सगळीकडे दिसतो, पण त्या रस्त्यालगतच्या विटांच्या नऊ गुलाम-खोपट्या बघायला जास्त वेळ द्या.

त्याआधी शहरात दोन ठिकाणं करा. चाल्मर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम लहान आहे, पाऊण तास पुरतो. १८५९ च्या त्या इमारतीत माणसांचे लिलाव होत. दुसरं म्हणजे जून २०२३ मध्ये उघडलेलं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. हे गॅड्सडेन्स व्हार्फ या धक्क्यावर उभं आहे, जिथे गुलामांची जहाजं लागत. त्याला वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं, आणि सोमवारी ते बंद असतं. मॅक्लाउडही सोमवारी बंद. सोमवार समुद्रासाठी ठेवा.

ब्यूफर्टला जाणार असाल तर सेंट हेलेना बेटावरचं पेन सेंटर बघा. युद्ध चालू असतानाच, १८६२ मध्ये, मुक्त झालेल्यांसाठी तिथे शाळा सुरू झाली. मूळच्या ब्यूफर्टच्या रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने त्याच वर्षी चार्ल्सटन बंदरातून 'प्लांटर' ही बोट पहाटे पळवली आणि आपल्या कुटुंबासह स्वातंत्र्य मिळवलं. पुढे ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले.

प्रश्न : पोहता न येणारी लहान मुलं आहेत. कुठला बीच सुरक्षित? आणि पाणी कधी आत, कधी बाहेर, हे कसं कळतं?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण इथे सगळं भरती-ओहोटीवर आहे. चार्ल्सटनला भरती आणि ओहोटीत साधारण पाच फुटांचा फरक असतो, हिल्टन हेड आणि ब्यूफर्टकडे सात फुटांच्या वर. वाळू इतकी सपाट आहे की सात फुटांचं पाणी उतरलं की बीच खूप लांबवर उघडा पडतो, आणि चढलं की काही ठिकाणी झुडपांपर्यंत येतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. नोआ या अमेरिकी सरकारच्या समुद्र-हवामान संस्थेच्या टाइड टेबलमधून (भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातून) तुमच्या बीचच्या जवळचं ठाणं निवडा आणि सगळ्या दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या. सहलीचं वेळापत्रक त्यानंतर करा. सकाळी ओहोटी असेल तो दिवस बीचचा, भरती असेल त्या सकाळी गाव.

ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास मुलांसाठी सर्वांत चांगले. हिल्टन हेडला तेव्हा वाळू इतकी घट्ट असते की सायकल चालते. किनाऱ्याला समांतर उथळ चर भरून राहतात आणि मुलं त्यात डुंबतात. त्याच चरात धोकाही आहे. बाहेरच्या बाजूला वाळूचा उंचवटा असतो, लोक चर ओलांडून त्यावर जातात. पाणी फिरलं की आधी मागचा चर भरतो आणि उंचवटा कोरडाच राहतो, त्यामुळे परतीची वाट गेलेली कळत नाही. ओहोटीची वेळ उलटली की सगळ्यांनी चराच्या अलीकडे यायचं, हा नियम घरातल्या मोठ्यांनी पाळायचा.

बेटांच्या टोकांपाशी पोहू नका. तिथे खाडीचं सगळं पाणी अरुंद तोंडातून आत-बाहेर जातं. सलिव्हन्स आयलंड आणि आयल ऑफ पाम्सच्या मधल्या ब्रीच इनलेटमध्ये पाण्यात उतरायला बंदीच आहे, वरून पाणी शांत दिसत असलं तरी. उघड्या समुद्रात बाहेर खेचणारा प्रवाह लागला तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. लाल झेंडा म्हणजे जोरदार लाटा, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे. पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच सरकतो. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आता बीच. जीवरक्षक, शॉवर आणि स्वच्छतागृह एकत्र हवं तर आयल ऑफ पाम्सचं काउंटी पार्क किंवा कीअवाचं बीचवॉकर पार्क. जीवरक्षक फक्त हंगामात आणि ठरावीक पट्ट्यातच असतात. कीअवा बेटावर बाहेरच्यांना जाता येईल असा तो एकच बीच आहे आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी वाहनतळ लवकर भरतो, दहाच्या आत पोचा. फॉली बीच शहराला जवळ, पण एकच रस्ता असल्याने सुट्टीच्या दुपारी अडकायला होतं. मर्टल बीचला मेच्या शेवटच्या सोमवारपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत बीचवर तंबू लावता येत नाहीत, फक्त छत्री चालते.

मुलं शिंपले गोळा करणारच. रिकामे शिंपले बहुतेक ठिकाणी चालतात, पण एडिस्टोजवळच्या बॉटनी बेवर एकही नेता येत नाही. सँड डॉलर नावाची चपटी गोल चकती मिळाली तर रंग बघा. पांढरी आणि गुळगुळीत असेल तर ती मेलेली. तपकिरी किंवा हिरवट असेल आणि बोट फिरवल्यावर बारीक लव हलताना जाणवली तर ती जिवंत आहे, लगेच पाण्यात ठेवा. १ मे ते ३१ ऑक्टोबर समुद्रकासवांचा हंगाम असतो. रात्री बीचवर टॉर्च लावू नका आणि मुलांनी खणलेले खड्डे जाण्याआधी बुजवा, कारण त्यात कासवाची पिल्लं अडकतात.

ओहोटीला खाजणांकडून कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर गटार फुटलेलं नाही. तो तिथल्या काळ्या चिखलाचा, प्लफ मडचा, वास आहे. त्यात मात्र पाय ठेवू नका. गुडघ्यापर्यंत रुततो, आणि आत कालवांच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही नाही. उपाशी राहू का?

नाही, पण विचारल्याशिवाय काही मागवू नका. दिसायला शाकाहारी असलेल्या पदार्थांतच अडचण आहे. कोलार्डची भाजी बहुधा डुकराच्या हाडाबरोबर शिजते. हॉपिंग जॉन म्हणजे चवळी आणि भात, त्यात बेकन असतं. रेड राइसमध्ये बेकन किंवा सॉसेज. भेंडीचं सूप कोळंबीच्या किंवा मांसाच्या रश्शात. ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या जाडसर रव्याची खीरवजा पेज, कधी पाण्यात-दुधात शिजवतात, कधी कोंबडीच्या स्टॉकमध्ये. बिस्किट (इथला मऊ पाव) आणि पायच्या कवचात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. पिमेंटो चीज आणि टोमॅटो पायमध्ये मेयोनीज, म्हणजे अंडं. 'व्हेजिटेरियन आहे का' एवढ्यावर थांबू नका. 'कशात शिजवलंय, स्टॉक कसला, मेयो आहे का' असं नेमकं विचारा.

रस्त्याकडेच्या टपरीवर उकडलेले शेंगदाणे मिळतात, बॉइल्ड पीनट्स. नुसत्या मिठाचे मागा. चार्ल्सटन आणि सव्हानात भारतीय, थाई आणि मेक्सिकन हॉटेलं आहेत, छोट्या बेटांवर पर्याय कमी. म्हणून बेटावर राहताना स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या आणि पूल ओलांडण्याआधी किराणा भरा.

प्रश्न : भारतीय लायसन्सवर गाडी मिळेल? आणि रस्त्यावर काय सांभाळावं?

लायसन्स इंग्रजीत आणि मुदतीत असेल तर पाहुणा म्हणून गाडी चालवता येते. तरी भारतातून निघण्याआधीच आरटीओकडून फॉर्म ४ए भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. काही भाडे कंपन्या तो मागतात आणि अपघात झाला तर पोलिसांना समजावणं सोपं जातं. गाडी घेणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर अनामत अडकते. पंचविशीच्या आतल्या चालकाला जादा आकार. विम्यात समोरच्याच्या नुकसानीची भरपाई धरली आहे का, ते बुकिंग करतानाच बघा.

या राज्यात वायपर चालू केले की दिवेही लावावे लागतात. फोन हातात धरून गाडी चालवण्यावर सप्टेंबर २०२५ पासून बंदीचा कायदा आहे, नकाशासाठी स्टँड घेऊन जा. आठ वर्षांखालच्या मुलांना वयानुसार कार सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे आणि भाड्याने घेतलेली सीट आयत्या वेळी संपलेली असू शकते, आधी नोंदवा. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, मनाई असेल तर तिथे पाटी असते.

आणि चार्ल्सटनमध्ये, विशेषतः शरद ऋतूत पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाऊस नसतानाही रस्त्यावर पाणी येतं. हवामान खात्याच्या अंदाजात बंदराची पातळी ७ फूट किंवा वर दाखवली असेल तर सिटी मार्केट आणि रुग्णालयांच्या परिसरातले सखल रस्ते भरतीच्या वेळी बुडतात. हे खारं पाणी असतं. त्यातून गाडी नेली तर ब्रेक आणि वायरिंग खराब होतं, आणि पाणी दिसत असताना गाडी घातली म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. गाडी गॅरेजच्या वरच्या मजल्यावर लावा आणि भरतीनंतर दोन तास जाऊ द्या, रस्ता मोकळा होतो.